मड टायरसाठी स्पेसर घेताय? आधी गाडीचं हब मोजा

मृगाचा पाऊस पडला की काळ्या रानातल्या पांदणीतून साधी गाडी निघत नाही. म्हणून आपल्याकडे जुनी जिप्सी, थार किंवा लिलावातली जीप घेणारा माणूस पहिल्याच वर्षी रुंद, खोल नक्षीचे मड टायर टाकतो. ते टाकले की दुसरी अडचण उभी राहते. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की टायर पाट्याला किंवा चेसिसला घासतो. मग गॅरेजमध्ये कुणीतरी सांगतंच, "भाऊ, स्पेसर टाकून घ्या, काईच होत नाई."

नीट निवडलेल्या, नीट बसवलेल्या स्पेसरला खरंच काही होत नाही. पण चुकीचा स्पेसर स्टड (ज्यांवर चाकाचे नट आवळतात ते बोल्ट) तोडतो, आटे खातो आणि शेवटी चालत्या गाडीचं चाक सोडून देतो. मेळघाटाच्या घाटात किंवा आलापल्ली-भामरागडच्या जंगलात हे झालं तर मदत यायलाही वेळ लागतो. म्हणून पहिल्यांदाच स्पेसर घेणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: दुकानदाराच्या "सगळ्यांना बसतो" या शब्दावर जाऊ नका, गाडीचं हब (ॲक्सलच्या टोकाचा, चाक ज्यावर बसतं तो भाग) स्वतः मोजा आणि तो कागद खिशात घेऊनच दुकानात जा.

स्पेसर नेमकं करतो काय

हब आणि रिम यांच्या मधे बसणारी ही धातूची जाड चकती. तिच्यामुळे चाक तेवढं बाहेर येतं. एका बाजूला २५ मिमीचा स्पेसर टाकला तर दोन चाकांमधलं अंतर ५० मिमीने वाढतं. जिप्सीसारख्या अरुंद गाडीत हे अंतर मुळात १३०० मिमीच्या आसपास आहे, ते १३५० होतं. म्हणजे वाढ जेमतेम चार टक्के. नाल्याच्या तिरप्या काठावर गाडी थोडी जास्त बसकी वाटते हे खरं, पण स्पेसर टाकला म्हणून गाडी उलटणार नाही असं समजून कुणी उतारावर धाडस करू नये.

चाक बाहेर गेलं की त्याचा भार बेअरिंगवर तिरपा पडतो. एका चाकावर ३५० किलो वजन असेल आणि चाक ३० मिमी बाहेर सरकलं असेल, तर उभ्या गाडीतच हबवर साडेदहा किलो-मीटरचा जास्तीचा पीळ बसतो. खड्ड्यात आदळताना तो दुप्पट-तिप्पट होतो. बेअरिंग, किंगपिन किंवा बॉल जॉइंट लवकर झिजतात, स्टिअरिंग जड होतं आणि दगडावर पुढचं चाक चढलं की हातातलं स्टिअरिंग झटका देतं. स्पेसर कितीही भारी कंपनीचा असला तरी हे टळत नाही. म्हणून स्पेसरची जाडी गरजेपुरतीच ठेवायची.

लागतो का, हे आधी ठरवा

गाडी सपाट जागी उभी करा, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा आणि टायर कुठे लागतो ते बोटाने चाचपून पाहा. घासल्याची काळी, गुळगुळीत खूण तिथे सापडेलच. फक्त शेवटच्या टोकाला थोडंसं घासत असेल तर काही गाड्यांत पुढच्या ॲक्सलवरचा स्टिअरिंग स्टॉपरचा बोल्ट थोडा बाहेर काढून काम भागतं. गाडी वळायला थोडी जास्त जागा घेते, एवढंच. एक माप अरुंद टायर घेणं हाही चांगला उपाय आहे. काळ्या चिखलात फार रुंद टायर तसाही तरंगत जातो, अरुंद टायर चिखल कापून खालची घट्ट जमीन पकडतो.

आणि खरंच चाक बाहेर काढायचं असेल, तर कमी ऑफसेटची रिम, म्हणजे हबवर टेकणारं तोंड जास्त आत असलेली आणि त्यामुळे चाक बाहेर काढणारी रिम, घेणं स्पेसरपेक्षा बरं. बेअरिंगवरचा भार दोन्हीत सारखाच पडतो, पण रिममध्ये जास्तीचा जोड येत नाही. स्पेसर टाकला की चाक आणि हब यांच्यात सैल होऊ शकणारी आणखी एक जागा तयार होते. नव्या रिमचा खर्च झेपत नसेल किंवा आहे तीच रिम ठेवायची असेल, तेव्हाच स्पेसरकडे वळा.

माल वाहणाऱ्या गाडीला मात्र स्पेसर नकोच. कापसाची गाठोडी छतापर्यंत रचून जिनिंगला जाणारी पिकअप आधीच ताकदीच्या बाहेर ओझं ओढत असते. तिच्या हबवर आणखी पीळ टाकू नये.

मोजमाप: यात घाई नको

राजेहो, बाकी सगळं दुकानदार सांगेल, पण हे काम तुमचं तुम्हीच करा. लागतं काय? एक व्हर्नियर (बारीक माप घेणारी जबड्यांची पट्टी), पोलादी पट्टी, तारेचा ब्रश आणि चाक काढण्याचं सामान. गाडी जॅकवर घेतल्यावर खाली स्टँड किंवा सागाचा जाड ओंडका टाका. नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून हात आत घालू नका.

पहिलं माप स्टडच्या वर्तुळाचं, म्हणजे पीसीडीचं. सहा स्टड असतील तर सोपं आहे: समोरासमोरच्या दोन स्टडच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर हाच पीसीडी. पाच स्टडला समोरासमोर जोडी नसते. तिथे शेजारच्या दोन स्टडच्या मध्यांमधलं अंतर मोजा आणि १.७०१ ने गुणा. जिप्सी आणि जिम्नी दोन्हींचा पीसीडी १३९.७ मिमी आहे, त्यामुळे त्यांच्यात हे शेजारचं अंतर ८२.१ मिमी भरतं. मध्य शोधायला त्रास होत असेल तर एका स्टडच्या डाव्या कडेपासून दुसऱ्याच्या डाव्या कडेपर्यंत मोजा, उत्तर तेच येतं. "एक-दोन मिमीने काय फरक पडतो" असं म्हणणाऱ्याकडून स्पेसर घेऊ नका. तेवढ्या फरकाने स्टड वाकून बसतो आणि वाकलेला स्टडच पुढे तुटतो.

दुसरं माप हबच्या मधल्या गोल उंचवट्याचं. व्हर्नियरचे जबडे त्या कडेवर लावण्याआधी तारेच्या ब्रशने गंज पूर्ण काढा, कारण गंजाचा थरच अर्धा मिमी फसवू शकतो. दोन-तीन ठिकाणी फिरवून मोजा. सुझुकीच्या या दोन्ही गाड्यांत रिमचं मधलं भोक १०८ मिमीचं आहे, फॉर्च्युनरला १०६.१ मिमी. दोन्ही आकडे डोळ्यांना सारखेच वाटतात, पण एकाचा स्पेसर दुसऱ्याला चालत नाही. फॉर्च्युनरला तर स्टडही सहा आहेत. स्पेसरचं आतलं भोक तुमच्या हबवर अगदी नेमकं बसायला हवं, आणि स्पेसरच्या बाहेरच्या तोंडावर तसाच उंचवटा हवा, म्हणजे रिम त्यावर बसेल. याला हब-सेंट्रिक म्हणतात. असा मेळ नसला तर चाक फक्त नटांच्या भरवशावर मधे येतं, तेही अंदाजे. वेग वाढला की स्टिअरिंगला थरथर सुटते आणि प्रत्येक आदळ स्टडवर येतो.

पुढच्या चाकाला लॉकिंग हब (फोर-व्हीलसाठी चाक ॲक्सलला जोडणारा मधला तुकडा) असेल तर तो किती बाहेर आला आहे तेही पाहा. स्पेसरच्या मधून तो आरपार जायला हवा. मागचं आणि पुढचं हब सारखंच असेल असं धरून चालू नका, दोन्ही मोजा.

तिसरं माप स्टडची लांबी: हबच्या सपाट तोंडापासून टोकापर्यंत. चौथं आट्यांचं. सुझुकीचा स्टड एम१२ (म्हणजे १२ मिमी जाडीचा) आणि आट्याचं अंतर १.२५ मिमी, टोयोटाचा एम१२ आणि १.५. एकाचा नट दुसऱ्याच्या स्टडवर हाताने एक-दोन फेरे चढतोही, मग अडकतो, आणि पान्याने जोर लावला की आटे गेले. म्हणून आपला एक नट दुकानात सोबत न्या. नटाचं टोक निमुळतं आहे, गोल आहे की सपाट वॉशरचं आहे, तेही त्यावरून कळतं. स्पेसरचं आणि रिमचं बसण्याचं तोंड त्याच आकाराचं हवं.

कोणत्या जातीचा घ्यावा

बाजारात दोन जाती मिळतात. एक नुसती भोकं पाडलेली पातळ चकती, तीन ते सहा मिमीची. ती गाडीच्या मूळ स्टडवर सरकवतात आणि तेच नट परत लावतात. टायर कागदाएवढ्या फटीने घासत असेल तर ही चालते, पण एका कसोटीवर: नट स्टडच्या जाडीइतका तरी आत गेला पाहिजे. एम१२ ला १.२५ चे आटे असतील तर साधारण दहा पूर्ण फेरे, १.५ चे असतील तर आठ. चकती टाकल्यावर नट हाताने फिरवत फेरे मोजा. कमी पडले तर चकती काढून ठेवा, किंवा लांब स्टड बसवून घ्या. आणखी एक गोष्ट बघायला लोक विसरतात: चकती टाकल्यावर हबचा मधला उंचवटा बाहेर उरतो का? तो चकतीतच संपला तर रिमला बसायला जागा राहत नाही. आणि एकावर एक दोन चकत्या कधीच नकोत.

दुसरी जात स्वतःचे स्टड असलेली. ती आधी गाडीच्या हबला नटांनी आवळायची, मग चाक तिच्या स्टडवर. चिखला-दगडातल्या गाडीला माझी पसंती हीच, कारण इथे प्रत्येक नटाला पुरेसे आटे मिळतात. पण ही साधारण २० मिमीच्या खाली नीट बनतच नाही, आतले नट खाचेत बुडायला तेवढी जाडी लागते. जाडी ठरवताना तुमच्या स्टडची लांबी आठवा. स्टड ३२ मिमी बाहेर आणि स्पेसर २५ मिमीचा असेल, तर सात मिमी टोक स्पेसरच्या बाहेर डोकावेल. रिमच्या मागे तेवढा खोलगट भाग नसेल तर रिम स्पेसरला टेकणारच नाही. बाहेरून नट घट्ट झाल्यासारखा वाटतो, आत रिम स्टडच्या टोकांवर उभी असते. अशा वेळी मिस्त्री मूळ स्टड कापायला निघतो. कापू देऊ नका. पुढे कधी स्पेसर काढलात तर त्या आखूड स्टडवर तुमचं मूळ चाक धरणार नाही. जाड स्पेसर घ्या किंवा रिम बदला.

धातू पाहताना "ॲल्युमिनियमचा आहे" एवढ्यावर थांबू नका. ६०६१-टी६ किंवा ७०७५-टी६ या मिश्रधातूच्या भरीव पट्ट्यातून कापलेला किंवा फोर्ज केलेला हवा, आणि स्टडच्या डोक्यावर १०.९ हा दर्जा कोरलेला हवा. ओतीव स्पेसर स्वस्त पडतो, पण त्यात आत राहिलेली हवेची छिद्रं बाहेरून दिसत नाहीत आणि तडा नेमका तिथून सुरू होतो.

आपल्या भागात एक वाट हमखास सुचवली जाते: एमआयडीसीतल्या लेथवर करून घ्या, अर्ध्या पैशात होतं. लेथवरच्या कारागिराचा हात चांगलाच असतो, त्याबद्दल शंका नाही. प्रश्न धातूचा आहे. भंगारातून आलेला ॲल्युमिनियमचा गोळा कोणत्या मिश्रणाचा आणि टणक केलेला आहे की नाही, हे त्यालाही सांगता येत नाही. त्यात स्टड ठोकून बसवलेले असतील तर मऊ धातूत ते हळूहळू सैल होतात. हबवर बसणारी साधी मधली रिंग लेथवर करून घ्यायला हरकत नाही, पण चाकाचा भार पेलणारा भाग तिथे करून घेऊ नका.

बसवताना

काळ्या मातीबद्दल एक सांगतो. ती वाळली की दगडासारखी घट्ट होते, आणि हबच्या कोपऱ्यात ज्वारीच्या दाण्याएवढा तिचा खडा राहिला तर डोळ्याला दिसतही नाही. स्पेसर त्यावर टेकतो, नट आवळताना पान्याला पूर्ण जोर लागतो, सगळं पक्कं वाटतं. पन्नास किलोमीटर आदळत गेल्यावर खडा चुरतो, तिथे बारीकशी फट पडते आणि सगळे नट एकदम ढिले. गंजाचं आणि जाड रंगाचं तेच होतं. म्हणून हबचं तोंड, स्पेसरची दोन्ही तोंडं आणि रिमची मागची बाजू तारेच्या ब्रशने घासून, कोरड्या कापडाने पुसून, शेवटी बोट फिरवून बघा. काही ड्रमवर स्टडला पातळ पत्र्याची क्लिप किंवा बारीक स्क्रू असतो. तोही स्पेसरला सपाट टेकू देत नाही, काढून टाका.

मधल्या उंचवट्यावर अगदी पातळ ग्रीस लावायला हरकत नाही, नाहीतर ॲल्युमिनियम लोखंडाला धरून बसतं आणि पुढच्या वर्षी हातोडा मारून काढावं लागतं. स्टडच्या आट्यांना मात्र ग्रीस नाही. ग्रीसने ओल्या आट्यांवर तोच टॉर्क (आवळण्याचा जोर) लावला तरी स्टड जास्त ताणला जातो. आट्यांना चिकटवणारं लॉकिंग द्रव स्पेसरच्या कंपनीने सांगितलं असेल तरच, आणि मध्यम ताकदीचंच.

आता स्पेसर सरकवा. तो हाताने जाऊन सपाट टेकला पाहिजे. हातोडी लागत असेल तर माप चुकलं आहे, थांबा. नट हातानेच सुरू करा. मग पाच स्टडला चांदणीच्या रेघेने आणि सहाला समोरासमोर, तीन टप्प्यांत आवळा: ४० न्यूटन-मीटर, मग ७०, मग पूर्ण. पूर्ण म्हणजे तुमच्या गाडीच्या पुस्तकातला आणि स्पेसरच्या कागदावरचा आकडा. जिम्नीसारख्या एम१२ स्टडच्या गाडीला तो १०० च्या आसपास असतो. या वेळी चाक नसतं, हब फिरतं, तेव्हा घरच्या कुणाला तरी ब्रेकवर पाय दाबून बसायला सांगा. आतल्या नटांच्या खाचेत साधा पाना जात नाही, पातळ कडेचा सॉकेट लागतो. तो स्पेसरसोबतच विकत घ्या.

टॉर्क पाना उसना मिळेल या आशेवर राहू नका. तालुक्याच्या गावातल्या बऱ्याच टायरच्या दुकानांत हवेच्या गनवरच काम चालतं, आणि गनला आकडा कळत नाही. १०० हा आकडा ज्याच्या पट्टीच्या मधोमध येतो असा टकटक आवाजाचा पाना स्वतःचा असू द्या. तो परवडत नसेल तर स्पेसरही लांबणीवर टाका, असं मी स्पष्टच म्हणेन.

आतले नट झाले की प्रत्येक नटावरून स्पेसरवर पांढऱ्या रंगाची एक बारीक रेघ ओढा. नट तसूभर फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. मग चाक चढवा, तेही त्याच क्रमाने आवळा. चाक हाताने फिरवून पाहा, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवा, आणि मागे चार माणसं बसवून टायर मडगार्डला लागतो का तेही बघा. चाक बाहेर आलं की आतलं घासणं थांबतं आणि कधीकधी बाहेरचं सुरू होतं.

पुन्हा आवळणं

पहिल्या ८०-१०० किलोमीटरनंतर चाक काढून आतले नट टॉर्क पान्याने तपासा. बहुतेक लोक बाहेरचे तपासून मोकळे होतात. बाहेरचे दिसतात म्हणून. स्पेसरला धरून ठेवणारे नट आत, चाकाच्या मागे आहेत आणि चाक काढल्याशिवाय तिथे पाना पोचत नाही. पुढे दर पाच हजार किलोमीटरला, आणि पावसाळ्याच्या आधी व नंतर एकेकदा हेच करा.

कायदा आणि विमा

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच अधोरेखित केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये नियमबाह्य बदलासाठी मालकाला दर बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. म्हणून स्पेसर टाकण्याआधी आरटीओत विचारून घ्या, आणि विमा कंपनीला लेखी कळवून उत्तर फाईलला लावा. दाव्याच्या वेळी पहिला प्रश्न याच बदलावर येऊ शकतो. टायर मडगार्डच्या बाहेर येऊ देऊ नका. बाहेर आलेला टायर मागच्या मोटारसायकलवाल्याच्या तोंडावर गोटे उडवतो, हे कायद्याइतकंच महत्त्वाचं आहे.

रोजच्या वापरात

वाटेत पंक्चर झालं तर पंक्चरवाल्याला आधीच सांगा की आत स्पेसर आहे, गन चालवू नको, नट हाताने चढव. घरी आल्यावर टॉर्क पाना फिरवाच. गाडीत पातळ सॉकेट, दोन जास्तीचे नट आणि स्टेपनीला बसतील असे नट ठेवा. स्टेपनी लोखंडी रिमची असेल तर ती स्पेसरवर नीट टेकते का, हे घरीच एकदा लावून पाहा. अहेरीच्या पुढे भर पावसात ते शोधत बसायची वेळ येऊ नये.

चालवताना नवी थरथर, वळणावर टकटक किंवा ब्रेक लावल्यावर खळखळ आली तर लगेच बाजूला थांबा. चाक वर उचलून वरून-खालून धरून हलवा. ढिलेपणा वाटला तर बेअरिंग बघा, आणि वाटला किंवा नाही वाटला तरी चाक काढून आतल्या पांढऱ्या रेघा बघा. नटाभोवती लालसर गंजाची धूळ पसरलेली दिसली तर तो नट सैल राहून घासतो आहे असं समजा. स्टडच्या मुळाशी किंवा दोन भोकांच्या मधे केसाएवढा जरी तडा दिसला तरी तो स्पेसर वेल्डिंग करून परत लावू नका. त्या ॲक्सलचे दोन्ही स्पेसर बदला, सोबत त्यांचे सगळे नटही.